वहिनींच्या रकान्यातलं ‘नाही’

“काकू, कंपनीने क्लेम नाकारलाय,” निकिता हळू आवाजात म्हणाली. गंगापूर रोडवरच्या त्या दवाखान्यात विम्याची कागदपत्रं बघणं हे तिचं काम.

योगिनी समोरच्या खुर्चीत नुसती टेकली होती. गर्भाशयात गाठी, महिन्यातले बारा-बारा दिवस रक्तस्राव, हिमोग्लोबिन सातवर आलेलं. पंचवटीतून रिक्षाने इथवर येण्यातच तिची निम्मी शक्ती संपली होती. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

“असा कसा नाकारला? तीन वर्षं हप्ते भरतोय आम्ही!” तिचा नवरा सोमनाथ म्हणाला.

“हा सोनोग्राफीचा रिपोर्ट पॉलिसीच्या चार महिने आधीचा आहे. आणि फॉर्मवर ‘स्त्रियांचे आजार’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलंय. कोणी लिहिलं?”

विमा आपण घेतो तो बहुधा भावकीतल्याच कुणाकडून, तुमच्याआमच्या घरी हेच चालतं. तीन वर्षांपूर्वी सोमनाथचा चुलतभाऊ, विमा एजंट संतोष फॉर्म घेऊन आला, पोहे झाले, मग तो एकेक प्रश्न वाचत गेला. “वहिनींना काही आजार?” योगिनी आत चहा टाकत होती. दिरासमोर पाळीचं कसं बोलायचं? सोमनाथनेच उत्तर दिलं, “छे, ठणठणीत आहे ती.” तिने ते ऐकलं, चहा गाळला आणि दाखवलं तिथे सही केली.

“खरं लिहिलं असतं तर पॉलिसीच मिळाली नसती ना?” सोमनाथने चाचरत विचारलं.

“कोण म्हणतं असं? या गाठी कितीतरी बायकांना होतात काका, बहुतेकदा कॅन्सरच्या नसतात. तुमच्या पॉलिसीत यासाठी दोन वर्षं थांबायची अट होती. खरं लिहून दिलं असतं, तर ती दोन वर्षं केव्हाच संपली असती!”

केव्हाच संपली असती. घरी पोहोचेपर्यंत योगिनीच्या डोक्यातून ते गेलं नाही. आता ऑपरेशन सरकारी रुग्णालयात, आणि तिथली तारीख मिळाली ती दीड महिन्यानंतरची.

रविवारी संतोष पुन्हा आला. मुलीला, तृप्तीला, पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती; आईवडिलांच्या पॉलिसीत मुलं तेवढ्याच वयापर्यंत, म्हणून तिची आता वेगळी काढायची होती. पुन्हा पोहे, पुन्हा फॉर्म.

“तृप्तीला काही आजार?”

गेल्या दिवाळीत तिच्याही गर्भाशयात एक लहानशी गाठ निघाली होती. सोमनाथ घुटमळला. “नाही लिही रे. स्थळं बघतोय आम्ही.”

काय म्हणावं या माणसाला! इतकं होऊनही तेच!

आत भांडं आदळलं. योगिनी भिंतीला धरत बाहेर आली आणि दिरासमोरच्या खुर्चीत बसली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण अशी ती पहिल्यांदाच बसली होती.

“भाऊजी, ‘आहे’ लिहा. गर्भाशयात गाठ आहे. रिपोर्ट जोडा.”

“अगं, संतोषसमोर काय हे...”

“त्यांच्यासमोरच गप्प राहिले होते ना मी! त्या लाजेपायी काय झालंय ते बघताय तुम्ही. दमले मी आता. माझं झालं ते झालं, पोरीच्या नावापुढे तेच ‘नाही’ नका लिहू.”

संतोषने पेन खाली ठेवलं. “चुकलं वहिनी. तेव्हा मी तुम्हालाच विचारायला पाहिजे होतं. पण तृप्तीलाही थांबावं लागेल बरं का, आणि हप्ताही कदाचित वाढेल.”

“थांबू की. नंतर कुणी दारातून परत तरी पाठवणार नाही.”

सोमनाथने हाक मारली, “तृप्ती, बाहेर ये. तुला काय होतंय ते काकाला तूच सांग बाळा.” आणि स्वतः उठून चहा बघायला आत गेला.

मंडळी, आपल्या घरातल्या बाईचा फॉर्म कोण भरतं, ते एकदा बघा. जिचं दुखणं, तिलाच विचारा, आणि ती सांगेल ते जसंच्या तसं लिहा. लपवली म्हणून गाठ विरघळत नाही!

तृप्तीची पॉलिसी झाली, गाठीच्या नोंदीसकट. योगिनीच्या तारखेला अजून सव्वीस दिवस आहेत.