एकोणिसावा फर्मा

साहेब, ती सोळा पानं तुमच्याकडे आहेत आणि तुम्ही ती वाचली आहेत. नाही म्हणू नका. न वाचता पुस्तकांवर फुली मारण्यात तुमची हयात गेली, हे अख्ख्या वाचनालयाला ठाऊक आहे. पण ही सोळा तुम्ही वाचलीत, आणि तीही एकदा नव्हे.

आता पहिल्यापासून ऐका.

तुमच्या वाचनालयाच्या तळघरात एक माणूस एकतीस वर्षं पुस्तकं बांधतो. त्याला सगळे पुठ्ठा म्हणतात. हाताखाली सदा पुठ्ठा असतो म्हणून, आणि स्वभावही तसाच म्हणून. वाकवायला जाल तर मोडेल. शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण त्याने बांधायला आलेल्या पुस्तकांतून उचललं: राज्यं कशी बुडाली, पूल कसे उभे राहिले, कोणत्या सेनापतीचं पोट कशाने बिघडलं. ज्या पुस्तकाला तळटीप नाही, ते त्याच्या लेखी पुस्तकच नव्हे. आणि प्रेमाच्या रहस्यकथा? "चिकटवायची खळ वाया घालवायचे धंदे," म्हणायचा.

त्याची बायको नेमकं तेच वाचायची. भाजी चिरता चिरता कोपराने पान उलटायची.

"आज कोण मेलं, आणि कोणाचं जमलं?" तो चिडवायचा.

"तुमच्या सेनापतीपेक्षा बरं मेलं हो. निदान हगवणीने नाही."

यंदा तुम्ही, वाचनालयाचे अध्यक्ष म्हणून, हुकूम काढलात. ज्या पुस्तकात प्रेमही आहे आणि खूनही आहे, ते 'वाचनास अयोग्य'. पुठ्ठे काढून घ्या, पानं लगद्याला पाठवा. एकशे चाळीस पुस्तकं, आणि त्यातलं एकही तुम्ही उघडलं नव्हतं. नावं बघून यादी केलीत. त्यांच्या पुठ्ठ्यांतून काय बांधायचं होतं? तुमच्या पंचवीस वर्षांच्या भाषणांचा ग्रंथ. लाज वाटायला हवी होती, पण ते असो.

त्याच आठवड्यात पुठ्ठ्याच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला आधीच अंधुक.

"अहो, वाचून दाखवा ना काहीतरी."

"उद्या इतिहास आणतो."

"इतिहास ऐकून डोळा बरा व्हायचा नाही. माझं आणा."

मग त्याने लगद्याच्या ढिगातलं एक उचललं. पुठ्ठा आणि पहिली पानं आधीच उचकटलेली, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय, लिहिलं कोणी, कशाचा पत्ता नाही. एवढं लक्षात ठेवा, साहेब. दुसरी प्रत शोधायची सोयच नाही.

गोष्ट अशी. एका मोठ्या घरात पडदे दुरुस्त करायला एक शिवणारी बाई येते. घरात दोन भाऊ. थोरला बोलत नाही, धाकटा हसायचा थांबत नाही. थोरल्याची बायको जिन्यावरून पडून मेलेली. आणि एके दिवशी या बाईच्या शिवणाच्या डब्यात मेलेल्या बाईच्या झग्याचं बटण सापडतं.

पहिल्या दिवशी पुठ्ठ्याने विजेचं मीटर वाचावं तसं वाचलं. तिसाव्या पानावर थांबला. "जाड पडद्याला असा टाका कोणी घालत नाही. या लेखकाला सुई माहीत नाही."

"त्याला माणसं माहीत आहेत. पुढे व्हा."

तिसऱ्या दिवशी थोरल्याने बाईचा हात धरला. "पुढचं मी वाचणार नाही," पुठ्ठा म्हणाला.

"वाचा हो! शेजारीण भिंतीला कान लावून बसलीय, तिचा तरी विचार करा."

त्याने वाचलं. कान लाल झाले, पण वाचलं. पाचव्या दिवसापासून तो दुपारचा जेवायला घरी येऊ लागला, जो एकतीस वर्षांत कधी आला नव्हता. जेवण थंड व्हायचं आणि दोघं भांडायची. ती म्हणायची खुनी थोरला. हा म्हणायचा धाकटा. "हसणाऱ्या माणसाचा भरवसा नाही." "आणि न बोलणाऱ्याचा आहे? मी संसार केलाय न बोलणाऱ्याबरोबर!"

पुस्तकाची शिलाई सुटत चालली होती. एका सकाळी त्याने ते तळघरात नेलं आणि तुमच्या भाषणांशेजारीच उसवून ठेवलं. मोठा कागद घडी घालून सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात, आणि फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो. बांधणारा मजकूर बघत नाही, आकडा बघतो. तुमचे फर्मे चोवीस, कादंबरीचे एकोणीस. हात शिवत होते, पण डोक्यात ते बटण होतं. एकोणिसाव्यावर एकोणिसावा ठेवला. फक्त याचा त्यात आणि त्याचा यात.

तुमचा ग्रंथ तुमच्या घरी गेला. दुपारी पुठ्ठ्याने घरी वाचायला घेतलं. बाई माळ्यावर एकटी. जिन्यावर पावलं. दारावर टकटक. "'कोण आहे?' तिने विचारलं. आणि बाहेरून आवाज आला..." त्याने पान उलटलं. "'सभासदहो, चालू वर्षी आपण जिन्याला नवे कठडे बसवले.'"

"हे काय?" बायको उठून बसली. "खुनी कठडे बसवतो?"

पुढची सोळा पानं कठडे, पंखे आणि आभार. तिने त्याला आणखी दोन पानं वाचायला लावली, न जाणो ही धाकट्याची युक्ती असेल म्हणून.

त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही त्याला वर बोलावलंत. टेबलावर ग्रंथ होता, आणि त्याने स्वतः चिकटवलेली लाल फीत नेमकी एकोणिसाव्या फर्म्यात होती. पुठ्ठ्याने पानांच्या कडा पाहिल्या. वरची तीनशे पानं कोरी करकरीत, मधली सोळा मऊ पडलेली. बांधणाऱ्याला ते दिसतं, साहेब.

"माझ्या कठड्यांच्या जागी 'तिचे थरथरते ओठ' कुठून आले?" तुम्ही विचारलंत.

"चुकलो, साहेब."

"चुकलो नाही. 'अश्लील मजकूर मुद्दाम घातला' असं लिहिलंय, सही करा. केलीत तर काम राहील. ही पानं उद्या लगद्याला."

त्याने पेन उचललं. एकतीस वर्षांचं काम. दुसरं त्याला येत नाही. तेवढ्यात तुम्ही खाकरलात, दाराकडे पाहिलंत आणि आवाज उतरवून म्हणालात, "ते... बटण कोणाचं हो?"

पुठ्ठ्याने पेन खाली ठेवलं.

"त्याला पहिल्यापासून सांगावं लागेल. दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं."

"आधी सही."

म्हणजे बघा. ज्याने असल्या पुस्तकांची अख्खी जात हद्दपार केली, त्याने फक्त शेवट वाचलाय. ज्याने जन्मभर नाक मुरडलं, त्याने शेवट सोडून सगळं. दोघांत मिळून एक वाचक.

"चूक माझी, असं लिहा, आत्ता सही करतो," पुठ्ठा म्हणाला. "अश्लील लिहिणार नाही. नव्हतं ते अश्लील. मी मोठ्याने वाचलंय, बायकोसमोर. काम काढायचं तर काढा. पण आज तिची पट्टी निघाली. दोन्ही डोळे उघडून दारात बसलीय, आणि मी रिकाम्या हाताने घरी जाणार नाही. बटणाचं सांगतो, अगदी टाक्यासकट. आधी तुम्ही सांगा, साहेब: दाराबाहेर थोरला होता, की धाकटा?"