फोटोतली तेकुरा

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. दूर समुद्रातल्या आमच्या मंगाया बेटावर मला तिवाएवाए म्हणतात. तुमच्या घरातल्या गोधडीची मी लांबची बहीण लागते, पण माझ्या पोटात चिंध्या भरलेल्या नाहीत. एका अखंड कापडावर दुसऱ्या कापडाची नक्षी अंथरायची आणि ती हाताने शिवायची, की झाले. माझे अंग पिवळे आहे आणि त्यावर नीरफणसाची हिरवी पाने आहेत. हिरवा रंग आता विटला आहे. जिथे घड्या पडतात तिथे कापड विरले आहे. मला कोणी विकायला शिवले नव्हते, आणि मला कधी कोणी विकलेही नाही. तरीही माझ्या नावावर जगभर विक्री झाली. ती कशी झाली आणि तिच्यात कोणाचे काय गेले, ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म ओनेरोआ गावात, अकाइतीच्या ओसरीवर झाला. नक्षी कापली पोको मावशीने. ती कागदावर काही काढत नसे. हिरव्या कापडाच्या घड्या घालून ते मांडीवर घेई, अंगणातल्या झाडाकडे एकदा पाही आणि कात्री चालवी. मग गावातल्या बायका चटईवर माझ्याभोवती बसत. प्रत्येकीच्या मांडीवर माझा एकेक भाग. टाके घालता घालता कोणाची सून कशी आहे, पाद्रीबुवांचे प्रवचन किती लांबले, सगळे माझ्यावरच चाले.

अकाइतीची मुलगी तेकुरा तेव्हा शाळेत होती. कोपऱ्यात लावायची काही सुटी पाने होती, त्यातले एक तिच्या वाट्याला आले. ते तिने उलटे शिवले.

पोको मावशीने चष्मा वर करून पाहिले. "अगं ए, देठ कुठे आणि टोक कुठे? असं पान कुठल्या झाडाला लागतं?"

"वारा सुटलाय ना मावशी," तेकुरा म्हणाली. "वाऱ्याने उलटलंय ते."

"उसव मुकाट्याने."

अकाइती हसली. "राहू दे गं पोको. तिच्याच लग्नात द्यायची आहे. नवऱ्याने विचारलं तर सांगेल त्याला वाऱ्याची गोष्ट."

ते पान तसेच राहिले.

पण तेकुराचे लग्न झाले नाही. लहानपणी घसा धरून ताप आला होता, तो तिच्या हृदयात घर करून बसला होता. तारोच्या, म्हणजे आमच्याकडच्या अळूच्या, शेतातल्या चिखलात उतरायला तिला डॉक्टरांनी मनाई केली. चार पावले भरभर चालली तरी तिला धाप लागे. बरोबरीच्या मुली ऑकलंडला नोकरीला गेल्या आणि ती ओसरीवरच राहिली. बसल्या बसल्या तिने एक काम काढले. गावातल्या बायकांनी शिवलेले उशांचे अभ्रे आणि पिशव्या ती फोनवरून विकू लागली. इंटरनेटवरच्या एका मोठ्या बाजारात तिने छोटेसे दुकान मांडले.

दुकानाला दर्शनी फोटो हवा होता. तिने मला पेटीतून काढले, खांद्यावर घेतले आणि चर्चच्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपाशी उभी राहिली. फोन आईच्या हातात दिला.

"कुठे दाबू?" अकाइतीने विचारले.

"तो गोल आहे ना, तिथे. हलू नकोस हं."

"इतकं हसू नकोस. दात दिसतात."

"दिसू देत. दात कुठे विकायचेत आपल्याला?"

तोच तो फोटो. अकाइतीने आयुष्यात काढलेला एकच चांगला फोटो. त्याच्याखाली तेकुराने लिहिले, 'ही चादर विकायची नाही. ही माझी आहे. हिच्यासारखे अभ्रे शिवून मिळतील.'

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. ब्रिस्बेन, ऑकलंड, कुठून कुठून मागणी येई. बेट सोडून गेलेली आपलीच माणसे जास्त, पण परकीही होती. विमानातून कापडाचे गठ्ठे उतरत आणि परत जाताना त्याच विमानात आमची पुडकी चढत. लोक लिहून कळवत, 'त्या हसऱ्या मुलीला आमचा नमस्कार सांगा.' तेकुरा ते मोठ्याने वाचून दाखवी आणि पोको मावशी म्हणे, "नमस्कार तुला, आणि बोटं आमची भोसकली जातात."

एका उन्हाळ्यात तेकुराची धाप थांबेना. तिला विमानाने रारोटोंगा या मोठ्या बेटावर नेले, तिथून ऑकलंडला. परत आली ती शवपेटीतून.

आमच्याकडे माणूस गेले की त्याला तिवाएवाएत गुंडाळून देतात. अकाइतीने मला बाहेर काढले, पण तेकुरा जाताना सांगून गेली होती, "आई, काही झालं तर मला दुसरी घाल. दुकानाच्या दर्शनी फोटोत ही आहे, ही राहू दे." म्हणून पोको मावशीने स्वतःची लाल चादर दिली. तेकुराचा मामा तांगी याने तिचा फोन तिच्या हाताशी ठेवला. "कधी हातातून सुटला नाही," तो म्हणाला, "आता कशाला काढून घ्यायचा?" कोणीच नको म्हटले नाही. तिला घरासमोर अंगणातच ठेवले आणि वर सिमेंट केले.

दुकान अकाइतीने चालू ठेवले. तांगी बेटाच्या कचेरीत कामाला होता, तिथल्या संगणकावर ती सकाळी जाऊन बसे. मागणी असो वा नसो, ती आधी तो फोटो उघडी, थोडा वेळ पाही आणि मग कामाला लागे.

एके दिवशी मेलबर्नहून लॉरेन नावाच्या बाईंचे पत्र आले. तांगीने ते वाचून दाखवले. 'तुमच्याकडून चादर घेतली. हाताने शिवलेली म्हणून सांगितलंत आणि पाठवलंत काय, तर प्लास्टिकसारखं छापील कापड. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग माझ्या मुलाच्या कपड्यांना लागला. त्या मुलीचं हसू दाखवून लोकांना फसवता, लाज वाटत नाही का?'

"मी तर चादर विकलीच नाही," अकाइती म्हणाली. "तेच लिही तिला. आणि विचार, कुठली चादर."

लॉरेनबाईंनी चादरीचा फोटो पाठवला. ती मीच होते. पिवळे अंग, हिरवी पाने. टाके नव्हते, टाक्यांचे चित्र होते. आणि कोपऱ्यात ते उलटे पान जसेच्या तसे छापलेले होते.

तांगी शोधत बसला. एक दुकान सापडले, मग दुसरे, मग किती तरी. प्रत्येकात चर्चची भिंत, मी आणि तेकुरा. कुठे मी निळी केलेली होते, कुठे जांभळी. एका दुकानात तर तेकुराचा चेहराच काढून तिथे दुसऱ्या कुठल्याशा बाईचा चेहरा बसवला होता. खांदा तेकुराचा, हात तेकुराचे, मनगटावरची शिंपल्यांची माळ तेकुराची, आणि वर परके तोंड.

अकाइती ते पाहून उठली. घरी आली, मला पेटीतून काढले आणि मांडीवर घेऊन बसली. तिची बोटे माझ्यावरून फिरत होती. मला वाटले, ती रडेल. पण ती रडली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दोघांनी बाजाराच्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आले, की फोटोतल्या व्यक्तीने स्वतः तक्रार करावी.

"आता काय सांगायचं यांना?" तांगी म्हणाला.

"खरं ते सांग. ती अंगणात आहे."

त्यांनी मृत्यूचा दाखला पाठवला. मला त्याच भिंतीपाशी धरून नवा फोटो काढला, उलटे पान दिसेल असा, आणि तोही पाठवला. लॉरेनबाईंनीही आपल्या बाजूने तक्रार केली. त्यांनी अकाइतीची माफी मागितली होती. 'मी तुम्हाला नको ते बोलले,' असे लिहिले होते. एक चोरटे दुकान बंद झाले. आम्हाला वाटले, सत्य पोहोचले. पण त्याच फोटोवर नव्या नावाने दोन दुकाने उघडली. आणि त्या चोरांनी उलट तक्रार ठोकली, की हा फोटो आमचा आहे आणि मंगायाच्या या बाईने तो चोरला आहे. त्यांच्याकडे कागदपत्रे होती. खरी की खोटी, कोण पाहतो? कंपनीने अकाइतीचे दुकान बंद केले. ज्या फोनने फोटो काढला त्यातला मूळ फोटो पाठवलात तर फेरविचार करू, असे कळवले.

तेकुराने फोटोची दुसरी प्रत कुठे ठेवली नव्हती. बेटावर इंटरनेट महाग, ती साधी काटकसर होती. दुकान गेले तसा अकाइतीकडचा फोटोही गेला. मित्रांनो, त्यानंतर आपल्या मुलीचे तोंड पाहायचे तर तिला चोरांच्या दुकानात जावे लागे. ती जाई. कचेरीत बसून ते पान उघडी. बाजूला किंमत लिहिलेली असे, फोटोवरच 'आज सवलत' अशी लाल पट्टी छापलेली असे, फोटो उतरवून घेतला तरी ती जात नसे. ती पट्टीवर हात ठेवून झाकी आणि तेकुराकडे पाही.

तांगीला ते बघवले नाही. एका सकाळी तो पहार घेऊन अंगणात आला. पोको मावशी ओसरीवर शेंगा सोलत होती, ती उठून थडग्यापुढे आडवी उभी राहिली.

"कुठे चाललास?"

"बाजूला हो मावशी. फोन मीच ठेवला होता, मीच काढतो. पाद्रीबुवांना विचारलंय मी."

"इतके दिवस मातीत राहिलेला फोन चालू होतो का रे शहाण्या?"

"ऑकलंडला काढून देतात म्हणे आतलं सगळं. होईलही चालू. प्रयत्न तरी करू दे." त्याने पहार जमिनीवर टेकवली. "दुकान तिचं होतं. आठ बायकांचं काम गेलं. चोर उजळ माथ्याने फिरतायत आणि आपण चोर ठरलोय. मी ठेवला नसता तर आज पुरावा हातात असता."

अकाइती दारात आली. मी तिच्या हातावर होते, ती मला उन्हात घालायला निघाली होती.

"तांगी, पहार खाली ठेव."

"ताई, एकदाच. मग पुन्हा नीट बंद करू."

"नको."

"अगं, मग ते असेच विकत राहतील तिला."

"राहू देत. तिचं तोंड नेलं त्यांनी. आता तिची झोपही मीच उचलून देऊ का त्यांना?"

तांगी पहारेवर डोके टेकून उभा राहिला. पोको मावशीने त्याच्या हातातून ती हळूच काढून घेतली. तिला ती पेलवत नव्हती. दोघांनी मिळून ती भिंतीला लावली. त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

बायका पांगल्या. काही पुन्हा तारोच्या शेतात गेल्या, एक मुलाकडे सिडनीला निघून गेली. उरलेले अभ्रे खूप होते. ते संपवावे म्हणून अकाइती आणि पोको मावशी रारोटोंगाला शनिवारच्या बाजारात गेल्या. लोकांचे लक्ष जावे म्हणून मला मागे दोरीवर टांगले होते. मी किती तरी दिवसांनी समुद्राचा वारा खात होते.

एक प्रवासी बाई थांबल्या. चांगल्या घरच्या, बोलायला गोड. त्यांनी मला हात लावून पाहिले आणि म्हणाल्या, "अय्या, ही तर मी ऑनलाइन बघितली आहे. तिथे खूप स्वस्त आहे."

"ती छापलेली आहे," अकाइती म्हणाली. "ही शिवलेली आहे."

"हो, पण नक्षी तीच ना? तुम्ही त्यांची बघून केलीत वाटतं. छान केलीत हं." त्यांनी फोन काढला आणि प्रेमाने पुढे केला. "ही बघा, हिने काढली आहे मूळ नक्षी. लुआना नाव आहे तिचं. आजीकडून शिकली म्हणे."

फोनमध्ये तेकुरा हसत होती.

अकाइतीने फोन हातात घेतला. "हिचं नाव तेकुरा," ती म्हणाली.

"नाही हो, लुआना. हे काय, लिहिलंय ना खाली."

"मी आई आहे तिची."

बाई गोंधळल्या. त्यांनी एकदा अकाइतीकडे आणि एकदा फोनकडे पाहिले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. म्हातारी भ्रमिष्ट आहे असे समजून त्या कनवाळूपणे हसल्या, तिच्या हातून फोन अलगद काढून घेतला, एक अभ्रा विकत घेतला आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

पोको मावशीने उरलेले अभ्रे गोळा केले. अकाइतीने दोरीवरून मला उतरवले आणि घडी घातली. घडी वाकडी पडली, ती तिने तशीच राहू दिली. त्या दिवसानंतर तिने मला कोणाला दाखवले नाही.

मित्रांनो, मी कापड आहे. माझे चित्र कोणी नेले म्हणून माझा एक धागाही कमी झाला नाही. पण चित्रात माझ्याबरोबर एक मुलगी उभी होती. फोटो उचलणाऱ्याला ती दिसली नाही, विकणाऱ्याला दिसली नाही आणि विकत घेणाऱ्याला फक्त तिचे हसू दिसले. तुमच्या हातातही फोन असतो. त्यात एखादी सुंदर वस्तू दिसली, ती फार स्वस्त मिळत असली, तर तिथेच क्षणभर थांबा. ही कोणी केली, हे विचारा. आणि कधी एखादी म्हातारी तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली, की फोटोतल्या मुलीचे नाव वेगळे आहे, तर फोनमध्ये काय लिहिले आहे ते तिला वाचून दाखवू नका. तिला तिच्या मुलीचे नाव विचारा.