एनेल्दाचा हात आणि एका झोळीचा घोर

मी एक झोळी बोलतेय. भिक्षा मागायची झोळी नव्हे आणि तान्ह्या बाळाची तर नव्हेच. दोन खांबांना टांगलेली, अख्खं माणूस आडवं होईल एवढी ऐसपैस, सुती दोऱ्यांची, दोन्ही काठांना जाळीची झालर असलेली. तुमचा जीव कधीमधी टांगणीला लागत असेल. माझा जन्मापासून टांगणीलाच आहे, त्यामुळे काळजी करणं हा माझा स्वभावच झालाय. दोरी काचतेय का, खांब हलतोय का, अंगावरचं माणूस सुखानं निजलंय का, हेच चालू असतं डोक्यात. यंदा तर त्या काळजीला चांगलंच कारण मिळालं.

मला कासिल्दानं विणलं. उभ्या मागावर, एक अख्खा कोरडा मोसम. भांडत विणलेल्या झोळीत झोप लागत नाही असं तिचं ठाम मत. म्हणून त्या काळात ती तोंड आवरून होती. एकदा भावजयीशी कडाक्याचं वाजलं, तर त्या दिवशीचा सगळा पट्टा तिनं उसवून टाकला. असा हट्टी हात लागलाय मला.

मी होते तिच्या बहिणीच्या मुलीसाठी, एनेल्दासाठी. आमच्या ग्वाहिरात, समुद्राकाठच्या या वाळवंटी मुलखात, मुलगी वयात आली की तिला झोपडीत कोंडून ठेवतात. झोळी वर, छपराला लागून टांगतात. पहिले काही दिवस पोरीनं नुसतं पडून राहायचं, पेज प्यायची, कुणाशी बोलायचं नाही. मग खाली उतरवतात आणि तिच्या हातात क्रोशाची सुई देतात. एनेल्दा माझ्यातच बसून पहिली पिशवी विणायला शिकली. तळाच्या चकतीचे टाके आधी सैल पडायचे. कासिल्दा काही न बोलता दोरा ओढायची, की सगळं उसवलं. पोरगी रडायची आणि डोळे माझ्या झालरीला पुसायची.

पण कोंडवाड्यातून बाहेर पडली ती विणकरीण होऊनच. एका दोऱ्याची बारीक वीण, आणि एक पिशवी दुसरीसारखी कधी नाही. कासवाची पाठ, गाईच्या नाकपुड्या, माशाचा डोळा. गाढविणीच्या ज्या अवयवाचं नाव चारचौघांत घेत नाहीत त्याचीही नक्षी आमच्यात आहे. ती विणताना एनेल्दा एकटीच खुदुखुदु हसायची.

हे सगळं तिला स्वप्नात दिसायचं. आमच्याकडे उजाडलं की कॉफीच्या आधी एकच प्रश्न असतो, "काय पडलं स्वप्न?" स्वप्न म्हणजे इथे गंमत नाही. स्वप्नात कुणी बकरं मागितलं तर बकरं कापतात. अंघोळ सांगितली तर भल्या पहाटे गार पाण्यानं अंघोळ करतात. एनेल्दाला एकदा तांबडंलाल तळं आणि त्यावरून चालणारी शेळी दिसली, तर दुपारपर्यंत तिच्या सुईवर तांबडा दोरा चढला होता.

पुढे एनेल्दा दोन लेकरांची आई झाली, आणि यंदा मार्लेनीबाई आल्या. रिओआचा शहरातल्या, पिशव्यांचा व्यापार करणाऱ्या, आमच्यातल्या नव्हेत. बाई वाईट नाहीत, हे आधीच सांगते. त्यांनी एनेल्दाची निळी पिशवी उचलली, पांढऱ्या माशांच्या डोळ्यांची. "हीच. हुबेहूब हीच पाहिजे मला. परदेशात लोकांना वेड लागलंय हिचं. किती देशील?"

"पाहिजे तेवढ्या देईन," एनेल्दा म्हणाली. आनंदानं म्हणाली बिचारी. आमच्यात एकदा शब्द दिला की तो घराचा होतो, मोडला तर नाक कापलं जातं.

तेव्हापासून निळं, पांढरं, निळं, पांढरं. आणि तेव्हापासून ती माझ्यात आडवी झालीच नाही. झोळीत कसं, तिरकं पडायचं असतं. म्हणजे पाठ सपाट राहते, मान टेकते. ही माझ्या काठावर अवघडून बसायची, पाय लोंबकळत, मान खाली, पोक काढून. तिचं सगळं वजन माझ्या एकाच कडेवर यायचं. मला दोरीची काळजी नव्हती हो. मला तिच्या मणक्यांची काळजी होती. शेजारची कॉफी गार व्हायची, तिच्यात माशी पडायची, दुसरी यायची, तीही गार व्हायची. समोर एवढं मोठं मैदान आणि त्यात शेळ्या, पण ती मान वर करून बघेल तर शपथ.

मग हात बधिरायला लागला. अंगठ्यातून मनगटापर्यंत मुंग्या. ती हात झटकायची, मांडीवर घासायची, फडकं बांधायची आणि पुन्हा सुई. तो गरम, सुजका हात माझ्या काठावर टेकायचा तेव्हा माझ्या झालरीला त्याचा चटका बसायचा. ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं आडवी हो! पण झोळीला तोंड कुठलं? मी फार तर करकरते, आणि करकरले की लोक म्हणतात दोरीला मेण लावा.

सकाळी कासिल्दा विचारायची, "काय पडलं गं स्वप्न?"

"काही नाही, मावशी."

"काल पण काही नाही, परवा पण नाही. अगं, दगडालासुद्धा एखादं पडत असेल."

एक दिवस वीण चुकली. पिशवीचा घेर पुरा झाला की सगळे मासे ओळीनं जुळायला हवेत. शेवटचा डोळा अर्धाच राहिला. एनेल्दानं उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा अर्धाच. जिला टाके मोजावेसुद्धा लागत नसत तिची ही गत.

कासिल्दानं वाकून पाहिलं. "हा मासा डोळा मारतोय का कुणाला?"

एनेल्दा हसली नाही. तिनं पिशवी जमिनीवर भिरकावली. "शिसारी आलीय मला या माशांची. निळा रंग बघितला तरी मळमळतं. ही सुई चुलीत घालते एकदाची आणि सुटते."

मावशीच्या हातातला कप तसाच राहिला. आमच्यात विणणं सोडलं म्हणणारी बाई म्हणजे, कसं सांगू, पाणी पिणं सोडलं म्हणणारी बाई. मला तर घामच फुटला असता, घाम असता तर. सुई खरंच चुलीत गेली तर हिचं उरणार काय? आणि न गेली तर या हाताचं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी कासिल्दा माझ्यात येऊन पडली. मी माणसांची झोप ओळखते. झोपलेलं माणूस जड होतं, माझ्यात मुरतं, त्याची बोटं उघडतात. कासिल्दा तशी झालीच नाही. ती टक्क डोळे उघडे ठेवून छपराकडे बघत होती आणि ओठ चावत होती. मग एकदम उठली आणि बोंब ठोकली, "एनेल्दा! अगं बाई, स्वप्न पडलं! वाईट स्वप्न पडलं!"

मी गारठले. हिला स्वप्न? डोळ्याला डोळा लागला नव्हता हिचा!

"आपली ती वारलेली म्हातारी, जिचं नाव घ्यायचं नाही, ती आली होती. म्हणाली, पोरीला पुन्हा कोंडा. वर टांगा. सुईला हात लावू देऊ नका, नाहीतर घरात कुणीतरी जाईल."

"मावशी, मी काय वयात आलेली पोर आहे? दोन लेकरांची आई मी! आणि शब्द दिलाय त्याचं काय?"

"शब्द घराचा आहे. घरात अजून माझे हात आहेत. आणि स्वप्न वय विचारत नाही. चल, ऊठ."

खोट्या स्वप्नासारखं पाप नाही आमच्यात. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे म्हणजे खेळ वाटला का? त्या दिवसापासून वारा जरा वेगळा आला तरी मला वाटायचं, आलं, आता काहीतरी आलं. पण स्वप्न नाकारायची हिंमत एनेल्दातही नव्हती. मला खांबांवरून सोडवून छपराखाली उंच बांधलं आणि ती मुकाट्यानं शिडी चढली.

पहिले काही दिवस ती नुसती कुढत पडली. रिकामी बोटं हवेत टाके घालायची. मग झोपली. अशी झोपली की कासिल्दा शिडीवर चढून तिच्या नाकापुढे हात धरून बघायची. मनगटाला पाल्याचा गरम शेक, दोन वेळा पेज, आणि गप्पा मात्र वाटेल तेवढ्या. एका सकाळी खालून नेहमीचा प्रश्न आला आणि वरून उत्तर आलं, "एक शेळी होती. माझी चप्पल खात होती."

"मग?"

"मग काय, खाल्ली." आणि एनेल्दा हसली. ते हसू माझ्या सगळ्या दोऱ्यांतून थरथरत गेलं.

मार्लेनीबाई पिशव्या न्यायला आल्या तेव्हा कासिल्दा दारातच उभी राहिली. "ती आत आहे. बाहेर येणार नाही."

"अहो, स्वप्नासाठी कुणी काम थांबवतं का?"

"तुमच्यात कशासाठी थांबवतात?"

बाई स्वतःचाच खांदा चोळत म्हणाल्या, "आमच्यात नाहीच थांबवत." जेवढ्या तयार होत्या तेवढ्या घेऊन गेल्या. राहिलेल्या कासिल्दा विणेल असं ठरलं, आणि यापुढे एनेल्दा तिच्या मनाला येईल तीच नक्षी देईल असंही.

एनेल्दा खाली उतरली, मलाही पुन्हा खाली बांधलं. आता शेळ्या परतल्या की सुई खाली ठेवायची, असं तिचं तिनंच ठरवलंय. मधूनमधून उठते, हात मोकळे सोडते, लांब मैदानाकडे बघत उभी राहते. सुईवर पिवळा दोरा आहे. कशाची नक्षी विचारलं तर म्हणते, "चपलेची."

तुम्हाला वाटेल, मिटलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण आता कासिल्दा माझ्या काठावर बसायला लागली. तसाच पोक, तशीच गार कॉफी. निळं, पांढरं. म्हातारे डोळे, सुई नाकाला लागेल इतकी जवळ. दोरा दिसेना म्हणून ती बोटांनी चाचपायची आणि कुणी आलं की पटकन ताठ बसायची. पुन्हा माझ्या जिवाला घोर.

काल दुपारी एनेल्दा येऊन माझ्यात पडली. डोळे सताड उघडे. बोटं घट्ट मिटलेली. मी मनात म्हटलं, नको गं बाई, तू पण नको!

ती उठून बसली. "मावशी, स्वप्न पडलं."

कासिल्दाची सुई थांबली.

"ती म्हातारी आली होती. म्हणाली, आता कासिल्दाला वर टांगा."

खोटं म्हणायची सोय नव्हती कासिल्दाला. ती एवढंच म्हणाली, "आणखी काही म्हणाली का ती?"

"म्हणाली, निजायच्या आधी पायाला तेल चोळून घे. पाय दुखतात ना तुझे."

कासिल्दानं सुई खाली ठेवली.

आत्ता ती माझ्यात आहे, छपराखाली. शिडी चढताना भाचीला चार शिव्या हासडून झाल्यात. राहिलेल्या पिशव्यांना उशीर होईल असा निरोप मार्लेनीबाईंना गेलाय. त्या काय म्हणतील, कोण जाणे. त्या म्हातारीच्या नावानं दोनदा खोटं बोललं गेलंय, त्याचं काय होईल याची मला अजून धास्ती आहे. माझी डावी दोरी विरलीय, तीही कुणी बघितलेली नाही.

पण तुमच्या घरात कुणी काठावर बसून विणत असेल, कॉफी गार करत असेल, हात झटकून पुन्हा सुई उचलत असेल, तर स्वप्नाची वाट बघू नका हो. सरळ जा आणि सांगा, आडवी हो.

आता पुरे करते. कासिल्दा जड व्हायला लागलीय. बोटं उघडलीत. दोरी करकरायला बघतेय, आणि ती करकरू नये म्हणून मी अंग आवळून धरलंय.