सहा फुटांवरून झडती

कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या खात्यात एक गृहस्थ होते. ऑफिसात त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण एका स्वल्पविरामापायी त्यांनी मासेमारीचा अख्खा कायदा छापखान्यातून परत आणवला होता. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बंदरं, बॉयलर, मधमाश्या आणि लिफ्ट यांच्यावर कलमं लिहिली. त्यांतल्या लिफ्टशी तेवढा त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला होता.

साथीच्या दुसऱ्या वर्षी विमानं पुन्हा उडू लागली आणि विमानतळावर एकच गोंधळ झाला. सुरक्षा तपासणीच्या रांगेत लोक एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत होते, एकाचे बूट ठेवलेल्या ट्रेमध्ये दुसऱ्याचा चष्मा जात होता, आणि झडती घेणारे कर्मचारी एकामागून एक आजारी पडत होते. तेव्हा तपासणी सुरक्षित व्हावी म्हणून कायदा करायचं ठरलं. समिती नेमली गेली आणि चार दिवसांत मसुदा द्या, असा निरोप स्वल्पविरामांच्या टेबलावर आला.

त्यांनी विमान पाहिलं होतं ते गच्चीवरून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण नशिबाने त्यांची मेहुणी विमानतळावरच कामाला होती, बायकांच्या तपासणीच्या पडद्यामागे. बायकोने तिला रविवारी घरी बोलावून घेतलं.

मेहुणी म्हणाली, सांगून कळायचं नाही, करूनच दाखवते. जेवणाच्या टेबलावर चहाचे तीन ट्रे मांडले गेले, दोन खुर्च्यांमधली जागा हा दरवाजा ठरला, आणि प्रवासी म्हणून सासूबाईंना उभं केलं. सासूबाई कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा ट्रेमध्ये ठेवायला तयार होईनात. या किल्ल्या मी तुमच्या सासऱ्यांच्या हातात कधी दिल्या नाहीत, असं त्यांनी जावयाला ऐकवलं. वर, जिला मी जन्म दिला ती माझी झडती घेणार, हेही त्यांना पटेना. शेवटी जुडग्यासकट हात वर करून त्या गरागरा फिरल्या आणि भोवळ येऊन सोफ्यावर बसल्या.

तेवढ्या वेळात स्वल्पविरामांनी अकरा पानं टिपून घेतली. तिकीट प्रवाशाने स्वतःच धरून दाखवावं. दर माणसामागे हातमोजे बदलावेत. ट्रे पुसल्याशिवाय पुढे सरकू नये. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा अधोरेखित केली.

“समोर उभं राहिलं की माणूस बोलायला लागतो, भाऊजी,” मेहुणी म्हणाली होती. “मी बाजूला उभी राहते. बाजूच्या माणसाशी कोणी भांडत नाही.”

मसुदा वेळेत गेला. समितीचे अध्यक्ष म्हणजे भारी प्रस्थ. त्यांच्या मिशांचा दरारा असा, की निवडणुकीच्या पोस्टरवर नाव बारीक आणि मिशा मोठ्या असत. साथ आल्यापासून मात्र त्या मास्कच्या आड गेल्या होत्या. समितीतले एक सदस्य पूर्वी शाळेत कवायतीचे मास्तर होते. त्यांनी मसुदा चाळला आणि विचारलं, सहा फुटांचं अंतर कुठे आहे? स्वल्पविराम अदबीने म्हणाले की रांगेत आहे, पण झडती घेताना ठेवता येणार नाही, कारण धातू शोधायचं हातातलं यंत्र जेमतेम दीड फुटाचं असतं. मास्तर म्हणाले, मग काठीला बांधा. बाकीच्यांना जेवायची घाई होती. सूचना मंजूर झाली.

स्वल्पविराम त्या दिवशी डबा न उघडताच घरी आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून काठीवर कलम लिहिलं जाणार होतं. दुसऱ्या दिवशी धीर करून ते अध्यक्षांना भेटले आणि म्हणाले, निदान एकदा प्रात्यक्षिक तरी बघू या. अध्यक्षांना ते पटलं.

गुरुवारी अकरा वाजता मेहुणी गणवेशात समितीच्या खोलीत हजर झाली. जळमटं काढायच्या काठीच्या टोकाला तिने चिकटपट्टीने यंत्र बांधून आणलं होतं. प्रवासी कोण होणार, असं विचारताच अध्यक्ष स्वतः उठले. कायदा आधी आपल्या अंगावर घ्यावा, असं ते म्हणाले आणि सदस्यांनी बाकं वाजवली.

मेहुणी सहा फूट मोजून उभी राहिली आणि तिने काठी पुढे केली. काठी टोकाला वाकून डुलायला लागली. यंत्र आधी माइकवर वाजलं, मग पंख्याच्या दांड्यावर, मग मास्तरांच्या खिशातल्या शिट्टीवर. पाण्याचा एक पेला आडवा झाला. एवढं करून काठी अध्यक्षांपर्यंत पोचली ती थेट त्यांच्या काखेत. अध्यक्षांना गुदगुल्या होतात, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. ते खिदळत मागे सरले, काठी पुढे सरकली, ते भिंतीला टेकले. कोपऱ्यातल्या लघुलेखकाने इमानेइतबारे कंसात लिहिलं, अध्यक्ष हसतात.

“काठीच्या कलमात थोडी अडचण दिसते,” मास्तर म्हणाले.

अध्यक्षांनी डोळे पुसले आणि मेहुणीला म्हणाले, तू रोज करतेस तसं करून दाखव बघू. तिने काठी भिंतीला टेकवली, यंत्र सोडवलं, नवे हातमोजे चढवले आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली.

“ओळखपत्र धरा साहेब. आणि मास्क खाली घ्या, एकच क्षण.”

अध्यक्षांचं हसू मावळलं. मला कोण ओळखत नाही, असं ते म्हणाले. मेहुणी म्हणाली, हे मी रोज ऐकते. मग त्यांनी संसर्गाचा मुद्दा काढला. ती म्हणाली, म्हणूनच एक क्षण. मग ते म्हणाले की हे फक्त प्रात्यक्षिक आहे. मेहुणी बाजूला उभी राहून वाट बघत राहिली.

अध्यक्षांनी कार्ड वर धरलं, डोळे मिटले आणि मास्क हनुवटीखाली ओढला.

डावी मिशी होती. उजवी नव्हती. न्हाव्याची दुकानं बंद, म्हणून आदल्या आठवड्यात बायकोने घरीच कात्री चालवली होती, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं झालं होतं. उरलेली उतरवायचा त्यांना धीर होत नव्हता. फोटोत दोन मिशा आणि समोर एक. मास्तर खिडकीतून बाहेरचं झाड बघायला लागले. स्वल्पविरामांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

मेहुणीने कार्डाकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं.

“ठीक आहे, साहेब. मास्क वर घ्या. पाठ करा माझ्याकडे.”

तिने बाजूने यंत्र फिरवलं, चाळीस सेकंदांत झडती संपवली आणि हातमोजे उतरवून डब्यात टाकले. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. अध्यक्ष खुर्चीत जाऊन बसले आणि बराच वेळ कागद जुळवत राहिले. मग त्यांनी स्वल्पविरामांना लिहून घ्यायला सांगितलं. चेहरा एकाच कर्मचाऱ्याने, काचेआडून, तीन सेकंद पाहावा. इतरांनी पाहू नये. आणि त्यावर काही बोलू नये. हे शेवटचं वेगळ्या कलमात घाला, असंही त्यांनी बजावलं. काठी वगळली गेली. बाजूला उभं राहण्याचं कलम एकमताने मंजूर झालं.

सभागृहात विधेयक आलं तेव्हा आवाजी मतदानात मास्कमुळे हो कुठलं आणि नाही कुठलं ते कळेना. तीन वेळा विचारून झाल्यावर सगळ्यांना हात वर करायला लावले, आणि कायदा झाला.

अंमलबजावणीच्या पहिल्या दिवशी खात्याने स्वल्पविरामांना पाहणीसाठी विमानतळावर पाठवलं. त्यांनी खास कडक इस्त्रीचे कपडे घातले. दारातच एका कर्मचाऱ्याने पाटीकडे बोट केलं. रांगेत शिरण्यापूर्वीच प्रवाशाने कंबरेचा पट्टा काढून स्वतःच्या बॅगेत ठेवावा, कलम चौदा. वाक्य त्यांचंच होतं, नेटकं, विरामचिन्हांत चूक काढायला जागा नव्हती. मध्यंतरी त्यांनाही ताप येऊन गेला होता, त्यात वजन उतरलं होतं. पट्टा निघाला आणि पॅन्टने कंबर सोडली.

एका हातात बॅग आणि एका हातात पॅन्ट धरून ते सहा-सहा फुटांच्या खुणांवरून पाऊण तास सरकत राहिले. मागचा माणूसही आपली पॅन्ट सावरत होता.

“हे कलम चौदा लिहिणाऱ्याला इथे उभं करायला पाहिजे,” तो म्हणाला.

स्वल्पविराम म्हणाले, अगदी बरोबर. तेवढ्यात काचेआडून त्यांना खूण झाली. बॅग खाली ठेवा आणि दोन्ही हात वर करा.