रविवारचं खाचर

रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला उजेडाची हाव सुटते. मी सहा दिवस लोणावळ्यात तिकिटं देतो आणि रविवारी रंगपेटी घेऊन डोंगराखालच्या ठाकरवाडीत जातो. ऑक्टोबरात तिथलं भात असं पिवळं होतं की मला दुसरं काही सुचत नाही.

यंदा पहिल्या रविवारी भागूबाईंच्या भातखाचराच्या बांधावर बसलो. मी जमीन मोजायला आलोय असं वाटून त्या विळा घेऊनच आल्या. चित्र दाखवलं, तेव्हा चहा मिळाला. निघताना मी गमतीत म्हणालो, "मावशी, चित्र पुरं होईस्तोवर एवढं खाचर कापू नका हं!"

दुसऱ्या रविवारी रंग बिघडला. कागद फाडला, ढगांना शिव्या घातल्या आणि घरी आलो.

तिसऱ्या रविवारी पाहतो तर सगळं शिवार कापून मोकळं, माझ्यासमोरचं खाचर तेवढं उभं. काय नशीब आपलं, म्हणत खुशीत बसलो. घाटाकडून ढग चढत होते, म्हणून आकाश आणि डोंगर भराभर उरकले. पाणी घ्यायला उठलो, तेव्हा पायाखाली दाणे दिसले. लोंब्या जमिनीला टेकल्या होत्या. हात लागला की भात झडत होतं.

"मावशी, हे का कापलं नाही?"

"तुमीच म्हनला न्हवं, भाऊ, चित्तर व्हईस्तवर थांबा? माजा लखन लय वरडला. म्या म्हनलं, मानसाचं काम अर्ध्यात मोडू नये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बोलून विसरलो होतो, आणि या बाई वर्षाच्या खायच्या भातावरची पाखरं पंधरा दिवस हाकलत बसल्या होत्या. मी पेटी मिटली. "मलाही विळा द्या. पाऊस यायच्या आत कापू."

"आन चित्तर?"

"राहू द्या ते."

भागूबाई तडकल्या. "ऱ्हाऊ द्या? मंग म्या कशापायी थांबले? बसा तितं! तुमी रंगवा, आमी तिकडनं कापतो. ए लखन, ये रं!"

मी पुन्हा पेटी उघडून बसलो. एरवी एका पिवळ्यासाठी मी तासभर घोळ घालतो, पण त्या दिवशी हात थांबेना. मान वर करावी तर खाचर हातभर कमी झालेलं. मायलेक पाठ सरळ न करता कापत होते. शेवटचा भारा पडवीत गेला आणि थेंब सुरू झाले. मी कागद पोटाशी धरून त्यांच्यामागे पळालो.

पडवीत लखननं एक लोंबी उचलून पाहिली. निम्मी रिकामी होती. तो माझ्याकडे न बघता आत गेला.

"किती गेलं, मावशी?" मी विचारलं.

त्या ओले हात लुगड्याला पुसत चित्राजवळ आल्या. रंगवलेल्या उभ्या भाताकडे त्यांनी बोट केलं.

"ह्यात समदं हाय की," त्या म्हणाल्या.

मला त्यांच्याकडे बघवेना.