महादेवकाकांनी पाहिलेली मिशी

नरपडच्या महादेव सावेंनी डहाणूच्या किनाऱ्यावर विमान कोसळताना पाहिलंच नव्हतं, हे फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक खुद्द महादेवकाका आणि दुसरे झाईचे नविनभाई. नविनभाईंनी तरी कुठं पाहिलं होतं? तेव्हा ते दोघं खुर्चीवरून भांडत होते.

झालं असं, की जानेवारीतल्या एका रविवारी कुठल्याशा खाजगी क्लबाच्या चार विमानांच्या कसरती किनाऱ्यावर ठरल्या. महादेवकाका सकाळी आठलाच तिथं हजर. गळ्यात नवीकोरी दुर्बीण, डोक्यावर पांढरी टोपी. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची धरली, तिच्यावर रुमाल टाकला आणि ते नीरा प्यायला गेले. परत येतात तो खुर्चीवर नविनभाई, आणि रुमालाची घडी नविनभाईंच्या मांडीवर.

"रुमाल माझा आहे," काका म्हणाले.

"एटले तर सांभाळून ठेवला ने! वाऱ्यानं उडाला असता."

"खुर्ची माझी आहे!"

"महादेवभाई, रुमाल ठेवला म्हणजे सातबारा झाला काय?"

दोघं तीस वर्षांचे ओळखीचे. एकाची नरपडला चिकूची वाडी, दुसरा तोच चिकू गुजरातेत पाठवणारा. त्यामुळे भांडायला दोघांकडे सरावाचा माल भरपूर होता. खुर्चीवरून गाडी २०१४ साली कमी भरलेल्या चिकूच्या क्रेटवर आली, तिथून नविनभाईंच्या मुलाच्या लग्नात काकांना दिलेल्या शेवटच्या पंगतीवर. दोघं उभे राहिले होते, समुद्राकडे पाठ, नाकासमोर नाक. वर विमानं गिरक्या घेत होती, लोक ओरडत होते. काकांना वाटलं, आपल्याच भांडणाला रंग चढलाय.

मग सगळा किनारा एकदम "आ" करून गप्प झाला.

काका वळले. लांब पाण्यात एक पांढरं वर्तुळ पसरत होतं. वर तीनच विमानं होती. काकांना वाटलं, चौथ्यानं बुडी मारली, आता पलीकडून निघेल. खेळातलाच एक भाग असणार. त्यांनी टाळी वाजवली. एकच. दुसऱ्या टाळीला नविनभाईंनी त्यांचा हात धरला.

"महादेवभाई," ते हळूच म्हणाले, "नाही."

काका मटकन खाली बसले, आणि बसले ते नेमके त्याच खुर्चीवर. एवढ्यात खडकांकडून बायका धावत आल्या, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या. ओहोटीला खडकांतले खुबे-शिंपले काढायला गेल्या होत्या. सगळ्यांत पुढं बारकी नावाची बाई, तलासरीकडची, काकांच्याच वाडीत चिकू काढायला येणारी. "शेट, शेट, आमी पाहलं, ते इमान..." तिला धाप लागली होती.

तेवढ्यात माईक घेऊन एक पोरगी आली. "काका, तुम्ही अगदी पुढे होतात ना? काय पाहिलंत?"

"बारके, थांब जरा," काका म्हणाले. "माझं चाललंय."

आणि त्यांचं खरंच चालू झालं. पासष्ट वर्षांत महादेव सावेंना कुणी "काय पाहिलंत" असं विचारलं नव्हतं. ग्रामसभेत ते बोलायला उठले की लोक चहाला उठायचे. आता माईक समोर, लाल दिवा लागलेला, आणि डोळ्यांसमोर फक्त एक पांढरं वर्तुळ. वर्तुळावर माणूस किती बोलणार? काका म्हणाले, विमान डावीकडून आलं. वीस पावलांवर नविनभाई दुसऱ्या माईकसमोर गुजरातीत सांगत होते, विमान उजवीकडून आलं.

संध्याकाळी दुसऱ्या चॅनलवर काकांच्या पायलटनं जाता जाता हात हलवला. दुसऱ्या दिवशी त्यानं काकांच्या डोळ्यांत पाहिलं. चौथ्या दिवशी एका मुलाखतीत काका सांगून बसले, "गोरापान, जवान पोरगा. मिशीला असा पीळ! अजून डोळ्यांपुढून जात नाही."

"दोनशे फुटांवरून तुम्हाला मिशी दिसली?" त्यांच्या बायकोनं, विजयमालाकाकूंनी, टीव्ही बघता बघता विचारलं.

"दुर्बीण होती."

"दुर्बिणीचं झाकण अजून निघालेलं नाही. मी पुसायला घेतली होती."

काका अंघोळीला गेले.

नविनभाईंचा त्याच रात्री फोन आला. "महादेवभाई, मिशी कशाला घातली? मी इकडे चश्मा सांगून बसलो!"

"मग आता दोन्ही असू दे."

"मी तुमचं खोटं बाहेर काढणार नाही, तुम्ही माझं काढू नका." असा तह झाला. तीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

पंधराएक दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, वाडीच्या फाटकाशी रिक्षा थांबली. अंगणात बारकी आणि तिच्या सोबतिणी चिकू निवडत होत्या. नविनभाई माल बघायला आले होते आणि झोपाळ्यावर चहा पीत होते. रिक्षातून पस्तिशीची एक बाई उतरली. साधा ड्रेस, खांद्याला पिशवी.

"महादेव सावे इथंच राहतात ना? मी विनिता. नाशिकहून आले." पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "पीयूष माझा भाऊ. ते विमान तोच चालवत होता."

नविनभाईंनी पायानं झोपाळा थांबवला. काकूंनी तिला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं. काका दोन्ही हात जोडून नुसते उभे.

"काका, मी फक्त एक विचारायला आलेय," विनिता म्हणाली. "आई तुमची मुलाखत रोज बघते. मोबाइलवर, पुन्हा पुन्हा. तुम्ही म्हणालात त्याला मिशी होती."

काकांचा हात टोपीकडे गेला.

"त्याला मिशी कधीच नव्हती. कॉलेजात एकदा ठेवायचा प्रयत्न केला होता, आम्ही इतके हसलो की तिसऱ्या दिवशी काढून टाकली. पण वर्षभर तो घरी आला नव्हता, आणि शेवटचं तोंड आम्हाला कुणी बघू दिलं नाही. क्लबातली मुलं सांगतात, नव्हती मिशी. आई म्हणते, ती तिची समजूत काढतायत. म्हणते, पोरानं मिशी ठेवली आणि मला सांगितलंही नाही. रडते ती त्याच्यावरून, आणि मग पीळ होता का गं म्हणून विचारते." विनितानं डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "म्हणाली, ज्यांनी शेवटचं पाहिलं त्यांनाच जाऊन विचारून ये."

काकांनी झोपाळ्याकडे पाहिलं. नविनभाई बशीतल्या चहाकडे पाहत होते.

"मिशी म्हणजे... कसं असतं, उन्हात ओठाची सावली पडते..." काका म्हणाले. "वेग असतो विमानाला..."

"अहो," काकू दारातून म्हणाल्या. एवढंच.

काका खाली ओट्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "ताई, मी काही पाहिलं नाही. मी आणि हे नविनभाई खुर्चीवरून भांडत होतो. समुद्राकडे पाठ होती. वळलो तेव्हा नुसतं पाणी दिसलं. हात, डोळे, मिशी, सगळं मी माझ्या मनानं घातलं." त्यांनी टोपीची घडी घातली. "आणि मी टाळी वाजवली. मला वाटलं खेळ आहे. एकच वाजली, पण वाजली."

"चश्मा पण खोटा," नविनभाई घाईघाईनं म्हणाले. "तो मी घातला. माफ करा, बेन."

"कुठला चष्मा?" विनिता गोंधळली.

"तुम्हाला गुजराती चॅनल लागत नाही ते बरं आहे," नविनभाई पुटपुटले.

विनिता अंगणाकडे बघत राहिली. काकांना वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि द्यायलाच हव्यात. तेवढ्यात चिकूंच्या ढिगाआडून बारकी उठली.

"मी सांगू का शेट? तवा तुमचं चाललं होतं."

काकांनी मान खाली घातली. "सांग."

बारकी पदराला हात पुसत पुढं आली आणि विनितासमोर उकिडवी बसली. "आमी सात जणी होतो खडकांवर. पाणी लांब गेलं होतं. इमान वरून फिरत फिरत आलं नं मंग सरळ झालंच नाय. आमच्याकडंच आलं. ही सोमी पळाया गेली तं पडली. मला पळाया पण नाय सुचलं. एवढं खाली आलं का आवाज पोटात घुमला. मंग ते असं कलंडलं," तिनं पंजा तिरका केला, "खडक सोडून पाण्याकडं गेलं. आमच्यापासून त्या चिंचेइतक्या लांब पडलं."

"तो दिसला?"

"नाय बाय. तोंड नाय दिसलं. हात पण नाय दिसला. मुद्दाम वळवलं का आपसूक वळलं, ते मला नाय ठावं. पण वळलं. आमी साती जणी जित्या हाव."

सोमीनं लांबूनच आपलं सोललेलं कोपर दाखवलं. मग बाकीच्याही, आपण तिथं होतो हे कळावं म्हणून, एकेक करून उभ्या राहिल्या. विनितानं त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि तिला रडू आलं. आल्यापासून पहिल्यांदा. बारकी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काकूंनी चहाचं आधण ठेवलं, आणि कुणाला काही न विचारता भातही टाकला.

जेवण झाल्यावर विनितानं ती जागा बघायची म्हटलं. तीनच्या ओहोटीला बारकी तिला घेऊन निघाली, मागून काका आणि नविनभाई. तुम्ही या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं.

"आईला काय सांगणार?" वाटेत काकांनी घाबरत विचारलं.

"सात बायकांचं सांगेन. आज घरी गेल्या गेल्या." विनिता थोडं चालली. "मिशीचंही सांगावं लागेल. पण तिला कॉलेजातल्या तीन दिवसांच्या मिशीचा तो फोटो दाखवीन आधी. माझ्याकडे आहे. भयंकर दिसत होता."

"आणि चौकशीचे साहेब आले तर मी बारकीला पुढं करणार," काका म्हणाले. "माईकवाले आले तरी तिलाच."

"मला नको माईक," बारकी म्हणाली. "माझी वसई निघते चिकूची."

"वसई काय?" विनितानं विचारलं.

"गाडी गं. वसईच्या बाजाराची. पाचला भरायची असते."

खडकांपाशी बारकीनं बोट करून जागा दाखवली. तिथं नुसतं पाणी होतं, शांत, मातकट. विनिता बराच वेळ उभी राहिली. काका आदरानं दोन पावलं मागं सरले, आणि त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत चिखलात गेला. काढायला जोर लावला तर डावाही गेला. नविनभाई हात द्यायला धावले आणि त्यांच्या शेजारीच रुतले.

"महादेवभाई, ढकलू नका!"

"ढकलतंय कोण? तुम्हीच माझ्या जागेवर आलात!"

"जागा? इथं पण तुमची जागा?"

बारकी कपाळाला हात लावून परत फिरली. विनितानं वळून पाहिलं. दोन म्हातारे कमरेपर्यंत चिखलात, नाकासमोर नाक, समुद्राकडे पाठ. तिनं आधी ओठ दाबून धरले. मग तिला ते जमेना. डोळ्यांत पाणी होतं तसंच, पण ती हसत सुटली, खडकाला धरून, पोट धरून, आणि बारकीनं पुढं केलेल्या पदराचं एक टोक पकडून तीही काकांना ओढायला लागली.