मधल्या पाण्यातलं डोहाळजेवण

परवा नातसुनेचं डोहाळजेवण सावेडीच्या एका कार्यालयात झालं. नावेतलं करायचं म्हणून पुठ्ठ्याची नाव आणली होती. खाली निळं प्लॅस्टिक, बाजूला थर्माकोलचे दोन हंस. पोरगी नावेत चढली, फोटो निघाले, ती उतरली, आणि मग बाकीच्या बायका आपापले फोटो काढायला त्यात बसल्या. “आजी, तुमच्या वेळी असलं काही होतं का हो?” एकीनं विचारलं. मी म्हटलं, “होतं. पण आमच्या नावेखाली पाणी होतं.” सगळ्या खदखदून हसल्या. मी काही हसवायला बोलले नव्हते. म्हणून आता नीट सांगते.

साल सत्तेचाळीस, मार्गशीर्ष महिना. माझं सासर प्रवरासंगमाचं. प्रवरा तिथं गोदावरीला मिळते, आणि गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. अलीकडचा काठ नगर जिल्ह्याचा. पलीकडं कायगाव, ते तेव्हा निजामाच्या मुलखात. माझी नणंद पुष्पावती कायगावात दिलेली. नेवाशाची, नगरची चांगली स्थळं सोडून सासूबाईंनी तिला मुद्दाम नदीपल्याड दिली. का, तर घाटावर उभं राहिलं की लेकीच्या घरचा धूर दिसतो, आणि नावेत बसलं की विडा चघळून होईस्तोवर लेकीच्या दारात. पुढं देश स्वतंत्र झाला, निजामाचं आणि सरकारचं काही जमेना, आणि नावेची ये-जा बंद झाली. दोन्ही काठांवर पहारे बसले. धूर तेवढा दिसत राहिला.

त्यात पुष्पाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण आईकडंच, ही आमच्याकडं काळ्या दगडावरची रेघ. सासूबाईंचं नाव लंकाबाई. त्या चिडल्या की घरातली मांजरंसुद्धा शेजारी जाऊन बसत. तीन दिवस त्या चौकीसमोर ठाण मांडून बसल्या. चौथ्या दिवशी तिथल्या जमादाराला म्हणाल्या, “लेक आनायची न्हाई म्हनता, बरं. डोहाळजेवन तरी करू द्या. मधल्या पान्यात करते. मधलं पानी काय कुनाच्या बापाचं हाय?”

जमादाराच्याही घरी लेकी असाव्यात. तो म्हणाला, “करा बाई. पण नाव पल्याड लावायची न्हाई. जेवढी डोकी जातील तेवढीच दिवेलागणीला माघारी यायला पायजेत. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. न्हाईतर नाव जप्त.” पलीकडच्या चौकीनंही हीच अट घातली. हे निरोप नेले-आणले ते आमच्या गनीभाईनं आणि पलीकडच्या सूर्यभाननं. दोघं नावाडी. सकाळी जाळं टाकायला आले की मधल्या पाण्यातून एकमेकांशी ओरडून बोलत, त्याला कुठला पहारा आडवा येणार?

मग काय, हुकूम सासूबाईंचे आणि हात माझे. दोन दिवस मी चुलीपुढून उठले नाही. करंज्या, कडबोळी, पाच तऱ्हेचे भात, चिंचेचं सार. “सार पांचट झालंय,” “भात गिच्च झालाय,” असा आहेर चालूच होता. त्यांचं माझं कधी पटलंच नाही. लग्नाला चार वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती, त्यामुळं लेकीच्या सातव्याचं कौतुक करताना त्यांचे टोमणे भाजीतल्या मिठासारखे हटकून पडत. माझे मालक नगरला छापखान्यात कामाला, शनिवारी यायचे. तक्रार करायची ती कुणाकडं?

पण पुष्पासाठी मी चार दिवससुद्धा चुलीपुढं बसले असते. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही दोघी पंधरा-पंधरा वर्षांच्या. मी रात्री माहेरच्या आठवणीनं रडले की ती माझ्या वाटणीची भांडी घासून टाकायची आणि वर म्हणायची, “वैनी, तुझं रडून झालं की सांग, मला झोप येतीया.” तिचं लग्न झालं तेव्हा घर मला खायला उठलं होतं. तिला बघून चार महिने झाले होते.

उन्हं कलली आणि आम्ही निघालो. नावेत गनीभाई, त्याची बायको मुबारकबी, सासूबाई, मी आणि शेजारच्या चौघी. जमादारानं आठ डोकी मोजली. नावेच्या चारी कोपऱ्यांना उसाची धाटं बांधली होती, कडेनं झेंडूच्या माळा. मुबारकबी गावाला बांगड्या भरायची. हिरव्या बांगड्यांची चळत मांडीवर घेऊन ती अशी बसली होती, जणू लेक तिचीच.

गनीभाईला मी म्हटलं, “घाई करू नका हो, जरा घाटाघाटानं घ्या.” त्यानं नाव काठाकाठानं संथ सोडली. जन्मभर आम्ही त्या घाटावर धुणी धुतली, पण पाण्यातून गाव कसं दिसतं ते कुणी पाहिलंच नव्हतं. पायऱ्यांवर पाय सोडून बसलेली म्हातारी माणसं, मोकळ्या सोडलेल्या म्हशी, प्रवरेपल्याडच्या टोके गावचं सिद्धेश्वराचं देऊळ तांबूस उन्हात न्हालेलं. आमच्या मागच्या भिंतीवर मी थापलेल्या गोवऱ्यासुद्धा दिसत होत्या. “अगं बाई, आपलं गाव एवढं देखनं हाय व्हय?” एक शेजारीण म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, “लांबून समदंच देखनं.” पण त्यांनीही मान वळवून वळवून पाहिलं. वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज, झेंडूचा वास, आणि कुणाच्याच हाताला काम नाही. बाईच्या जातीला असा वेळ कधी मिळतो? आज त्या पायऱ्यांवर धरणाचा फुगवटा चढलाय. एसटीनं पूल ओलांडताना मी खिडकीतून बघते, पण पाण्याखालचं काय दिसणार?

मधल्या पाण्यात सूर्यभानची नाव थांबलेली दिसली. तिच्यात चार माणसं. सूर्यभान, पुष्पा, तिची सासू बनुबाई आणि एक चुलत सासू. पुष्पाचं पोट लांबूनही दिसत होतं. मी हात हलवला, तिनंही हलवला. आणि तिथंच घोडं अडलं.

सासूबाई गनीभाईला म्हणाल्या, “थांबीव. लेकीची आई म्हनून आमी एवढं पान्यात आलो. आता पुढचे चार हात त्यांनी यावं.”

पलीकडून बनुबाईंचा आवाज आला, “आमी मुलाकडचे. बोलावलं कुनी? त्यांनी. मग न्यायला नको का यायला?”

झालं! विहिणी-विहिणींचा मानपान मांडवात बघितला होता, तो आता गंगेत बघितला. इकडं गनीभाई वल्हं वर धरून बसला, तिकडं सूर्यभान. नावा कुणासाठी थांबतात? धारेबरोबर दोन्ही खाली वाहत निघाल्या, मध्ये वीसेक हातांचं अंतर राखून. घाटावरची माणसं उठून उभी राहिली. चुलीवर दोन दिवस घातले, ते भात आता पैठणला जाऊन पोचतात की काय, म्हणून माझा जीव खालीवर होत होता. एवढ्यात पुष्पा उभी राहिली. नाव अशी डुगडुगली की सगळ्यांनी किंकाळी फोडली.

“मला भूक लागलीया,” ती ओरडली, “तुमचं ठरत नसंल तर मी पवत येते!”

मग मात्र दोन्ही विहिणी एकदम ओरडल्या, “बस खाली!” आणि कुणाची नाव कुणाला आधी लागली ते कुणीच पाहिलं नाही. गनीभाई आणि सूर्यभाननं दोराच्या दोन वेढ्यांनी नावा एकमेकींना बांधल्या आणि पाठ फिरवून बिड्या पेटवल्या.

त्यानंतरची घटका म्हणजे सुख होतं, निव्वळ सुख. आम्ही पुष्पाला हिरवं नेसवलं, फुलांचे दागिने घातले. मुबारकबीनं बांगड्या भरल्या आणि एक जास्तीची भरून म्हणाली, “ये मेरी तरफसे.” झाकलेल्या दोन वाट्या पुढं केल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पुष्पानं बर्फीची उघडली. “मुलगी!” म्हणून सगळ्या ओरडल्या. मी गाणं धरलं, बाकीच्यांनी ओढून घेतलं. पुष्पा तीन वाट्या सार प्यायली आणि मला म्हणाली, “वैनी, असं सार तूच करावं.” सासूबाई ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे सार चांगलं झालं होतं.

ऊन पाण्यावरून सरकत टेकाडावर गेलं. तेव्हा बनुबाई सासूबाईंच्या जवळ सरकल्या. त्यांचा मघाचा तोरा कुठल्या कुठं गेला होता.

“ईनबाई, आता भांडत न्हाई. आमच्या गावची सुईन गाव सोडून गेली. ह्या धामधुमीच्या भ्यानं निम्मं गाव गेलं. आमास्नी गुरं टाकून हलता येत न्हाई. अडलं-नडलं तर मी एकली काय करू? पोरीला घिऊन जा.”

सासूबाईंनी फराळाच्या पाटीखालून एक गाठोडं ओढून काढलं. त्यांची दोन लुगडी, आणि लेक नाहीच आली तर तिच्याकडं द्यायला म्हणून त्यात गुंडाळलेली बाळाची दुपटी, टोपडी, लंगोट. घरात मला पत्ता नव्हता. “ठाऊक हुतं मला,” त्या म्हणाल्या. “डोकी मोजत्यात ना? पुष्पा आमच्या नावंत यील. मी तुमच्या नावंत जाते. झाली का न्हाई बरोबर?”

पुष्पाला रडू फुटलं. “आई, तू तिकडं गेल्यावर माहेर कशाचं गं? मला तू पायजेस. घर घिऊन काय करू?”

खरंच होतं ते. आई पलीकडं आणि लेक अलीकडं बाळंत होणार, तर एवढा खटाटोप कशाला? शेजारच्या चौघींनी पाण्याकडं बघायला सुरुवात केली. त्यांना बोल कसा लावू? प्रत्येकीच्या घरी पोरं होती. गनीभाई म्हणाला, “लंकाबाई, दिवे लागायला आले.”

मी काही थोर बिर नाही. मला राग आला होता. त्या पहाऱ्याचा, त्या मोजणीचा, आणि एवढ्या बायका असून सगळ्या गप्प बसल्याचा. आणि पुष्पाला तसं रडताना मला बघवेना. मी उठले.

“मी जाते,” मी म्हटलं. “अंगापिंडानं वन्सांएवढीच हाय. मोजनाऱ्याला तोंडं कुठं पाठ हायेत?”

“तोंड न्हाई, पन पोट पाठ आसंल की,” सूर्यभान म्हणाला. “येताना गरवार बाई मोजलीया त्यांनी.”

सगळ्यांच्या नजरा त्या गाठोड्यावर गेल्या. मुबारकबीनं आणि चुलत सासूनं आडवं लुगडं धरलं. सासूबाईंनी आपल्या हातानं ते गाठोडं माझ्या पोटावर ठेवलं आणि वरून पंचा गुंडाळून घट्ट बांधला. माझ्या पोटावर त्यांचे हात, आणि मधे बाळाची टोपडी. गाठ मारता मारता त्यांचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं. चार वर्षांत टाकून बोललेला एकेक शब्द त्यांना त्या क्षणी आठवला असणार, कारण तो मलाही आठवत होता. त्यांनी पुष्पाच्या ओटीतले उरलेले तांदूळ घेतले, नारळ घेतला, आणि माझी ओटी भरली. मग ठसठशीत कुंकू लावलं.

मग बनुबाईंकडं वळून त्या म्हणाल्या, “ईनबाई, पोटची पोर तुमच्या पदरात घालतीया. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.”

लेकीची पाठवणी करताना आईनं म्हणायचं वाक्य ते. मला आई नव्हती. माझ्या लग्नात ते म्हणायला कुणी उभंच नव्हतं. मी सूर्यभानच्या नावेत पाय टाकला आणि हुंदका आवरता आवरेना.

दोर सुटला. पुढचं सगळं चांगलंच झालं. आमच्या घाटावर जमादारानं आठ डोकी मोजली, पुष्पाच्या पोटाकडं म्हणे बघितलंच नाही. पुष्पा फाल्गुनात सुखरूप बाळंत झाली, मुलगीच झाली. मालकांना बायको नदीपलीकडं गेल्याचं शनिवारी कळलं आणि त्यांनी म्हणे जेवणाचं ताट भिरकावलं. दोन महिन्यांनी गाठोडं सोडून मी बनुबाईंच्या घरात लेकीसारखी वावरले, शेण काढलं, धारा काढल्या. पुढल्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं, वाट मोकळी झाली तेव्हा घरी आले. नंतर मलाही तीन मुलं झाली.

पण त्या संध्याकाळी यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. नाव कायगावच्या घाटाला लागली तेव्हा दिवेलागण झाली होती. पहाऱ्यावर एक पिकल्या दाढीचा शिपाई होता. त्यानं कंदील वर धरून चार डोकी मोजली. मी एक हात पोटाशी धरून उठले, तशी नाव हलली. त्यानं बंदूक खांद्याला अडकवली, खाली दोन पायऱ्या पाण्यात उतरला आणि मला हात दिला.

“आहिस्ता, बेटी,” तो म्हणाला. “दो जीव हैं.”

मी त्याचा हात धरला. बनुबाई मागून पाठीला आधार देत होत्या. सातव्या महिन्याच्या बाईनं चढाव्यात तशा, एकेक पायरीवर थांबत, मी त्या सगळ्या पायऱ्या चढले.